सतरा वेळा लिंपलेला बांध

कुमीरडांगा
११ फाल्गुन

प्रिय बकुलफूल,

आणि सगळ्यात आधी कोण हजर झालं असेल, सांग बघू? क्षीरोदा! पाहुण्यांची बोट अजून धक्क्याला लागायची होती आणि ही बया माझ्या ओसरीवर येऊन बसलेली. डोक्याला चप्प तेल, अंगावर लेकीनं पूजेला दिलेली साडी. मी म्हटलं, "काय गं, तुझ्याकडे येणार आहेत का पाहुणे?" तर म्हणते, "छे, मी आपली सूप मागायला आले होते." नवी साडी नेसून सूप मागायला! पाहुणे चार तास बसले, तर ही पण चार तास बसली, आणि जाताना सूप विसरून गेली.

तुला फोनवर सांगायचं होतं, पण फोनवर तुला ऐकू येत नाही. मी ओरडते ते साऱ्या पाड्याला कळतं, फक्त तुलाच कळत नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडं येईल, दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं ते तेवढंच.

तर पाहुणे. दोघं होते. एक दिदिमणी, मंजुलिका धर नाव, कलकत्त्याच्या कॉलेजात शिकवते. काय शिकवते विचारलं तर म्हणाली समाजशास्त्र, म्हणजे माणसं एकत्र कशी राहतात ते. क्षीरोदा लगेच म्हणाली, "त्याला कॉलेज कशाला लागतं? दोन दिवस नळावर पाणी भरायला यावं." दिदिमणी इतकी हसली की तिचा चष्मा मुरमुऱ्यात पडला. दुसरा शौभिकबाबू, इंजिनियर, पोरगेलासा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला आणि हातात काचेची पाटी. तिच्यावर बोट टेकवलं की आपला सगळा बांध दिसतो, वरून, घारीला दिसावा तसा.

बकुलफूल, ती काय विचारायला आली होती माहीत आहे? मला आजी करून म्हणाली, "ठाकुमा, बांध कोणी बांधला ते सगळ्या कागदांत लिहिलेलं आहे. तो इतकी वर्षं टिकवला कोणी, ते कुठंच नाही. मोडलेलं नीट कोण करतं, कसं करतं, हेच मी विचारत फिरते."

बावन्न वर्षं झाली मला या घरात येऊन. बावन्न वर्षांत नदीच्या पाण्याबद्दल सगळ्यांनी विचारलं, वाघाबद्दल विचारलं, मधाबद्दल विचारलं. आमच्या चिखलाच्या हातांबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

मग काय, मी सुटलेच. घराच्या मागून सुरुवात केली ते पार वडापर्यंत नेलं दोघांना. हा बघा आन्नाचा घोग, वादळाच्या वर्षीचा. हा फुलीच्या सासूचा. हा माझा, तेव्हा रतन पोटात होता आणि मी पोटावर हात धरून दुसऱ्या हातानं माती दाबत होते. आपल्यात ज्या बाईला बांधात पाणी झिरपणारं भोक सापडतं तिचंच नाव त्या घोगाला पडतं, हे ऐकून दिदिमणी तिथंच उकिडवी बसली आणि लिहून घ्यायला लागली. सतरा झाले सगळे मिळून. त्यातले तीन माझ्या नावाचे! क्षीरोदाच्या नावाचा एकही नाही, ती सारखी मध्ये म्हणत होती, "फुलीच्या सासूला तो मीच दाखवला होता." कोणी लक्ष दिलं नाही.

प्रत्येक घोगाला शौभिकबाबूनं पाटीवर एक लाल ठिपका दिला. शेवटी मला दाखवलं. बये, आपला बांध कसा दिसत होता म्हणून सांगू, कुंकवाचं बोट ठिकठिकाणी टेकवावं तसा! आणि धक्क्याजवळचा तो सरकारी पक्का बांध, विटा लावलेला, तिथं एक ठिपका नाही. ओका ओका. मला तर त्याची कीवच आली.

तुझीही ओळख करून दिली बरं का. भिंतीवरचा आपला फोटो बघून दिदिमणीनं विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, माझी बकुलफूल. आठव्या वर्षी आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातात बकुळीची फुलं देऊन सई जोडली, तेव्हापासून मी तिला बकुलफूल म्हणते आणि तीही मला बकुलफूलच म्हणते. तिचं खरं नाव उषांगिनी, पण ते मी उच्चारत नाही. हेही तिनं लिहून घेतलं. काय काय लिहून घेते!

तुझ्या गुडघ्याला लसणीचं तेल लाव. आणि लगेच लिही.

तुझी बकुलफूल,
निभा


सोनारपूर
२४ फाल्गुन

बकुलफूल,

तुझं पत्र नातीकडून वाचून घेतलं, मग स्वतः पुन्हा वाचलं. क्षीरोदाच्या साडीपर्यंत हसत होते. लाल ठिपक्यांपाशी आले आणि हसू गेलं.

बाई गं, तू काय करून बसलीस? बांध सतरा ठिकाणी फुटायला आला होता, हे तू स्वतःच्या तोंडानं इंजिनियरला सांगितलंस. वर हिंडवून दाखवलंस.

तुला पूर्वपाडा आठवतो ना, की विसरलीस? मी विसरले नाही. आमच्याकडेही एक बाबू आला होता. त्याच्याकडे काचेची पाटी नव्हती, निळा कागद होता. पुढच्या वर्षी नवा बांध आला तो आमच्या घरांच्या मागून. आम्ही चाळीस घरं राहिलो नदीच्या बाजूला. कोणी घर पाडलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. फक्त रेघ मागे सरकली. दोन पावसाळ्यांत माझी चूलसुद्धा कुठं होती ते दाखवता येईना. म्हणून मी आज लेकीच्या दारात, तिसऱ्या मजल्यावर बसून तुला पत्र लिहिते आहे. जावई चांगला आहे. तरी दार दुसऱ्याचं आहे.

साहेब लोक लाल खूण तिथं करतात जिथं सोडून द्यायचं असतं. तू ऐक माझं. त्या दिदिमणीला लगेच कळव की म्हातारीची बडबड होती, पाहुणे आले म्हणून फुशारकी मारली, बांधाला काही झालेलं नाही. लाजू नकोस. लाज परवडते, घर नाही परवडत.

तेल लावते आहे. उपयोग नाही.

बकुलफूल,
उषा


कुमीरडांगा
९ ज्येष्ठ

प्रिय बकुलफूल,

तुझं पत्र आलं तेव्हा मला रागच आला होता. मनात म्हटलं, हिला शहरात राहून सगळ्यांचा संशय यायला लागला. पत्र गादीखाली सारलं आणि तुला उत्तर दिलं नाही. त्याची माफी आधी मागते.

परवा पंचायतीत नकाशा लागला.

क्षीरोदाच आधी बघून आली. या वेळी नवी साडी नव्हती. अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "जा, बघून ये तुझं कुंकू." मी गेले. भिंतीवर मोठा कागद. त्यावर आपला बांध, आणि त्यावर माझे सगळे ठिपके, सतराच्या सतरा. त्यांच्याखाली इंग्रजीत लिहिलेलं, मास्तरांनी वाचून दाखवलं: "सर्वांत कमकुवत भाग". आणि त्या भागाच्या आतून, गावाच्या बाजूनं, एक जाड काळी रेघ. नवा बांध त्या रेघेवरून जायचा. माझं घर रेघेच्या बाहेर. क्षीरोदाचं बाहेर. फुलीचं बाहेर. बारा घरं, माझ्यापासून वडापर्यंत, सगळी नदीला.

धक्क्याजवळचा पक्का भाग मात्र हिरवा रंगवलाय. तिथं ठिपका नाही म्हणून.

बकुलफूल, मी ज्याची शेखी मिरवली त्यानंच बारा घरं बाहेर काढली. मला वाटत होतं, ठिपका म्हणजे इथं बाईनं हात लावला. त्यांनी वाचलं, ठिपका म्हणजे इथं मोडलं. ठिपका तोच!

पाड्यात कोणी भांडलं नाही, ते जास्त लागतं. फुलीनं नुसतं विचारलं, "काकी, माझ्या सासूचा घोगपण सांगायची गरज होती का?" क्षीरोदा मात्र बोलली. म्हणाली, "माझ्या नावाचा एकही नव्हता म्हणून तू हसलीस. बघ, माझ्यामुळे तरी कोणाचं घर गेलं नाही." रात्रीचं जेवण तिनंच आणून दिलं, ते निराळं. ताट आपटून ठेवलं, पण माशाचा मधला तुकडा होता.

आज तू सांगितलंस तसं कार्ड टाकलं आहे. नक्कल खाली लिहिते, बघ बरोबर आहे का.

"श्रीचरणेषु दिदिमणी, मी निभाराणी गायेन, कुमीरडांगा. फाल्गुनात तुम्ही आलात तेव्हा मी खोटं बोलले. बांधात कधी एकही घोग झाला नाही. मी म्हातारी आहे, पाहुणे आले की मोठेपणा करते. कृपा करून सगळे ठिपके पुसून टाका. क्षीरोदा गायेनची काही चूक नाही. तुमचा चष्मा तुटला नाही ना? प्रणाम."

तुझी,
निभा


सोनारपूर
२० ज्येष्ठ

बकुलफूल,

कार्ड गेलं असेल तर गेलं. नसेल गेलं तर फाड.

तीन रात्री मी बसून राहिले आणि आता जे लिहिते आहे ते नातीला वाचायला देणार नाही. मी तुला पूर्वपाड्याचं अर्धंच सांगितलं होतं. आजवर सगळ्यांनाच अर्धं सांगत आले.

तो निळ्या कागदाचा बाबू आला तेव्हा त्यानं आम्हा बायकांना विचारलं होतं. होय, विचारलं होतं. "बांध कसा आहे? पाणी झिरपतं का?" आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "छान आहे बाबू, काही नाही." मीच पुढे होते. घोग आहे म्हटलं की पूर्वपाड्याच्या बायका आळशी, असं म्हणतील. तुमच्या पाड्यापुढे मान खाली जाईल. तुझ्यापुढे, खरं सांगायचं तर. तुझ्या नावाचे तेव्हा दोन होते.

माझ्या दारामागे त्या वर्षी गढूळ पाणी येत होतं. मी त्यावर गोवऱ्यांचा ढीग रचला होता.

आम्ही छान म्हटलं, म्हणून एक टोपली माती आली नाही. आश्विनात खांड पडली आणि मग रेघ सरकली. म्हणजे बघ, तू सांगून बाहेर पडलीस, मी न सांगून. पण तुझा बांध अजून उभा आहे. माझा नाही. तेव्हा माझी अक्कल वापरू नकोस. खरं तेच लिही, आणि ते कसं वाचायचं तेही लिही. ती बाई शिकलेली आहे, पण ती कधी अनवाणी बांधावरून चालली आहे का?

हे वाचून मला बकुलफूल म्हणणार नसशील तर उषांगिनी म्हण. ते नाव कोणी वापरलं नाही बरेच दिवस.

उषा


कलकत्ता
२ आषाढ

श्रीचरणेषु ठाकुमा,

तुमचं कार्ड मिळालं. चष्मा शाबूत आहे, मुरमुऱ्यांचं पीठ मात्र अजून काडीत आहे.

तुम्ही खोटं बोललात हे मला पटत नाही. खोटं बोलणारा माणूस पोटातल्या बाळाला सांभाळायला एक हात धरला होता, असं सांगत नाही. आणि खोटं कार्ड लिहिताना शेजारणीची चूक नाही हे कोणी वेगळं कळवत नाही.

चूक माझी आहे. मी ज्या विषयावर वर्गात तास घेते, त्याच विषयात मी घसरले. आपण फिरलो तेव्हाची माझी वही आणि शौभिकचा नकाशा, दोन्ही मी एकत्र खात्याकडे पाठवले. वही कोणी उघडली नाही. नकाशा सगळ्यांनी बघितला. नकाशात "इथे कोणी राखलं" याला खूण नव्हती, म्हणून दुरुस्तीची जागा ही मोडकी जागा झाली. त्यावर सही करण्याआधी मी एकदा नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही. तुमची माफी मागते, आणि बारा घरांची मागते.

रेघ अजून कागदावर आहे. मी खात्याच्या मोठ्या साहेबांना लिहिलं आहे की आमचा नकाशा अपुरा आहे, पावसाळा संपेपर्यंत निर्णय थांबवा. ते थांबायला तयार झालेत, पण म्हणाले, पुरावा आणा. माझ्या बोलण्यानं भागणार नाही आणि तुमच्याही नाही.

म्हणून एक मागणं आहे. भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला, दिवसाच्या भरतीच्या वेळी, मी आणि शौभिक येतो. तुम्ही बायका नेहमी बांध तपासता तसा आम्हाला तपासून दाखवा. पूर्ण बांध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सांगू नका, चालून दाखवा. शौभिक पाणी मोजायची नळी आणील.

क्षीरोदा मासिमांना नमस्कार.

तुमची,
मंजुलिका


कुमीरडांगा
७ कार्तिक

प्रिय बकुलफूल,

आधी विजयादशमीची मिठी घे. पूजा कशी गेली? आमच्याकडे ढाकवाल्यानं या वर्षी इतकं वाजवलं की तुलासुद्धा ऐकू आलं असतं.

दुसरं म्हणजे, मी तुला उषांगिनी म्हणणार नाही. तुझं ते पत्र मी एकदाच वाचलं आणि चुलीत घातलं, रागानं नाही, क्षीरोदा येते म्हणून. गोवऱ्यांचा ढीग मला माहीत होता गं. त्या वर्षी मी तुझ्याकडे विस्तव मागायला आले होते तेव्हा माझे पाय ओले झाले होते. मीही बोलले नाही. दोघींचं मिळून झालं ते. आता पुन्हा तो विषय काढू नकोस.

इतके दिवस लिहिलं नाही कारण उजव्या हातावर वीट पडली होती, बोटं पडवळासारखी सुजली होती. आता बरी आहेत. वीट कशी पडली तेच सांगायचं आहे, सगळं सांगते, चहा घेऊन बस.

अमावास्येला ती दोघं आली. सकाळी अकराची भरती. पाणी बांधाच्या माथ्याखाली दोन हातांवर. आम्ही सात जणी पदर खोचून उभ्या. शौभिकबाबू बूट घालून तयार. मी म्हटलं, "बाळा, हे काढ." म्हणतो, "ठाकुमा, विंचूकाटा असतो." क्षीरोदा म्हणाली, "असू दे विंचू, चावला तर चावला. बुटातून तुला काय कळणार, बांधाला ताप आहे की थंडी?" काढले बिचाऱ्यानं. पाय असे गोरे, जणू कधी ऊनच बघितलं नव्हतं.

मग निघालो, गावाकडच्या उतारावरून, पायथ्याला धरून, एकीमागे एक. तुला सांगायला नको, पण दिदिमणीला सांगितलं: डोळ्यांनी बघू नका, अंगठ्यानं बघा. ऊन पडलं की कोरडी माती कोमट लागते. जिथं पाणी आतून येतं तिथं ती गार लागते, आणि दाबली की बसते. गार लागलं की वाकायचं. पाणी नितळ असेल तर बांध घामेजलाय, त्याला येऊ द्या. गढूळ असेल तर बांध आतून पोखरला जातोय, मग शंख फुंकून गाव बोलवायचं.

माझ्या घरापासून वडापर्यंत चाललो. सतराच्या सतरा जागा. दोन ठिकाणी ओल होती, नितळ. बाकी कोरडं ठणठणीत! शौभिकबाबू प्रत्येक ठिकाणी नळी खुपसून बघत होता आणि त्याचं तोंड हळूहळू उघडत होतं. म्हणाला, "इथली माती आसपासच्या बांधापेक्षा घट्ट आहे." फुली म्हणाली, "असणारच. माझ्या सासूनं पायानं तुडवलीय, आणि तिचे पाय सगळ्या पाड्याला माहीत आहेत."

वडापाशी आम्ही थांबलो. आपली हद्द संपली ना. दिदिमणी म्हणाली, "पुढे?"

मी म्हटलं, "पुढे पक्का आहे. तिथं कोण चालतं?"

"कोणीच नाही?"

"विटांचा आहे दिदिमणी. सरकारनं बांधलाय. त्याला काय बघायचं?"

तिनं पक्क्या बांधाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ठाकुमा, तिकडे ठिपका नाही तो घोग नाही म्हणून, की तिकडे कोणी बघत नाही म्हणून?"

बकुलफूल, बारा वर्षं तो बांध तिथं आहे. बारा वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आपल्यातली एकही बाई तिकडे पाय टाकत नाही. पक्क्या बांधावरून बायका अनवाणी चालू लागल्या तर लोक हसतील, असंच वाटायचं. मी पदर घट्ट केला आणि चालायला लागले.

तारापदच्या चहाच्या टपरीमागे ते डबकं आहे ना, तू दोन वर्षांपूर्वी आलीस तेव्हा त्यात तुझी चप्पल गेली होती? सगळं गाव म्हणतं, तारापद गिलास विसळतो त्याचं पाणी. मी पाय टाकला. अंगठा बर्फासारखा. वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट. नदीचं पाणी!

मी ओरडले, "तारापद, तू गिलास मिठाच्या पाण्यात धुतोस का रे?" तो म्हणाला, "काकी, मी तर चार महिने झाले कागदी कप देतो!" आणि मी त्या पाण्याकडे बघितलं तर खालून माती वर येत होती, उकळी फुटावी तशी. गढूळ.

क्षीरोदानं शंख फुंकला. तीनदा. म्हातारीच्या छातीत एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं.

मग जी धावपळ झाली! सगळा पाडा आला, पश्चिमपाडा आला, शाळेतले मास्तर आले. नदीच्या बाजूला तोंड सापडेना, कारण वरून विटा. फुलीनं सूपभर कोंडा पाण्यावर टाकला. सगळा कोंडा वाहत गेला, आणि एके ठिकाणी गोल फिरून आत ओढला गेला. तिथंच! विटा उपसायला लागलो तेव्हा एक निसटून माझ्या हातावर. विटांच्या खाली खेकड्यांनी केवढं घर केलं होतं, शौभिकबाबूचा अख्खा हात खांद्यापर्यंत आत गेला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. वर हिरवा रंग दिला होता ना त्यानंच.

पेंढा आणि चिकण माती, पेंढा आणि चिकण माती. आम्ही गोळे करत होतो, दिदिमणी रांगेत उभी राहून पुढे देत होती. तिचे गोळे सारखे फुटायचे. क्षीरोदा म्हणाली, "कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं?" ती म्हणाली, "मासिमा, आता शिकवणार." भरती उतरायच्या आत पाणी थांबलं. मास्तर म्हणाले, आणखी दोन उधाणं गेली असती तर शाळा, बाजार, दवाखाना सगळं एका सकाळीत गेलं असतं. मागे सरकवलेल्या रेघेला तर पाणी पाठीमागून येऊन मिळालं असतं.

आता निकाल ऐक. पूजेच्या आधी मोठे साहेब स्वतः आले. दिदिमणीनं नवा नकाशा दिला. त्यावर आपले सतरा ठिपके आहेतच, पण प्रत्येकाशेजारी नाव आणि वर्ष. आन्ना, फुलीची सासू, निभाराणी. रेघ रद्द झाली, बकुलफूल. बारा घरं आत. जुन्या बांधावरच माती पडणार, आणि पक्क्या भागाच्या विटा उचलून खालची माती नीट करणार. दर उधाणाला संपूर्ण बांध चालायचं काम आता पंचायतीनं आम्हा बायकांना कागदावर लिहून दिलंय. मी अंगठा नाही दिला, सुजल्या बोटांनी सही केली.

साहेब गेल्यावर मी घरामागे जाऊन बांधाला हात लावून उभी राहिले. देवाला किती नमस्कार केले ते विचारू नकोस. नदीलाही एक केला, तिनं दोन हात सोडले होते म्हणून.

अठराव्या घोगाला नाव काय द्यायचं यावर मात्र जुंपली. अंगठा माझा, म्हणून फुली म्हणाली निभाचा. मी म्हटलं, माझे तीन आहेत, पुरे झाले. 'पुढे?' असं विचारलं दिदिमणीनं. तिचं नाव दिलं. तिला सांगितलं तर चष्मा पुसत बसली. मग मला म्हणाली, "ठाकुमा, मी तुमचे उपकार कसे फेडू?" उलटंच आहे की नाही? मी म्हटलं, आम्ही तुमचे, तुम्ही आमचे, असं दोन्हीकडून राहू दे, म्हणजे येणं-जाणं राहील.

क्षीरोदा आता सगळ्यांना सांगते की शंख तिनं फुंकला नसता तर गाव गेलं असतं. सांगू दे. खरंच आहे ते.

तुझ्या जावयाला सांग, चार दिवस सुट्टी काढून तुला आणून सोडायला. गुडघे दुखतात म्हणू नकोस, धक्क्यापासून मी तुला व्हॅनगाडीवर बसवून आणीन. संक्रांतीला नव्या गुळाचे गोड पिठे करायचे आहेत आणि माझा हात अजून नारळ खवायला चालत नाही, तेव्हा तू लागशीलच. दिदिमणी आणि शौभिकबाबूनं शब्द दिलाय. दिदिमणीनं माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात स्वतःच्या हातानं गोल केला आहे: पौष संक्रांतीचा आदला दिवस, मंगळवार, सकाळची पहिली बोट.

तुझीच बकुलफूल,
निभा